तीन बिल्ल्यांचा कुत्रा

मालवणच्या बाजारात मला 'कुत्र्यांची बाई' म्हणत. ही पदवी विद्यापीठाने दिलेली नव्हती, परंतु ती मिळवायला विद्यापीठाच्या पदवीपेक्षा कमी कष्ट पडले नाहीत. माझ्याजवळ प्राणिशास्त्रातली एम. एस्सी. होती, मुंबईच्या एका संशोधन संस्थेची तात्पुरती नेमणूक होती, एक सूक्ष्मदर्शक, दोन थर्मामीटर, एक मोजपट्टी आणि टिनच्या बिल्ल्यांनी भरलेला बिस्किटांचा डबा होता. त्याखेरीज पंचविशीतल्या माणसाजवळ असतो तेवढा आत्मविश्वास होता. त्याचे वजन बाकी सर्व सामानापेक्षा जास्त भरले असते. गोवा सुटून जेमतेम वर्ष झाले होते. आगबोटीतून पडावात आणि पडावातून गुडघाभर पाण्यात उतरताना मी सूक्ष्मदर्शक डोक्यावर धरला होता, आणि किनाऱ्यावरच्या बायका 'शिवणाचा यंत्र इला' म्हणून पुढे आल्या होत्या.

माझ्या कामाचे स्वरूप आधी सांगितले पाहिजे, कारण ते ऐकून आजही लोक माझ्या प्रकृतीची चौकशी करतात.

माणसाला कर्करोग कशाने होतो हे शोधताना संशोधकाची सर्वांत मोठी अडचण माणूस हीच असते. तो तंबाखू खातो आणि खात नाही म्हणून सांगतो. तो दहा वर्षे एका गावी राहतो, वीस वर्षे दुसऱ्या. त्याच्या पेशींत आज जे दिसते त्याचे मूळ तीस वर्षांपूर्वीच्या कुठल्या धुरात, कुठल्या पाण्यात किंवा कुठल्या व्यसनात आहे, हे सांगणे अवघड होऊन बसते. कुत्र्याचे तसे नाही. तो आपल्याच घरात राहतो, आपल्याच चुलीचा धूर हुंगतो, आपल्याच विहिरीचे पाणी पितो. पण विडी ओढत नाही, मशेरी लावत नाही आणि नोकरीसाठी मुंबईला जात नाही. शिवाय त्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे, म्हणजे जे माणसात दिसायला अर्धा जन्म जातो ते त्याच्यात लौकर दिसते. घरातला कुत्रा हा त्या घराच्या हवापाण्याचा चालताभुंकता अहवाल असतो, असे आमच्या सरांचे मत होते. तो अहवाल वाचायला त्यांनी मला पाठवले होते.

माझ्या दिमतीला पेडणेकर नावाचे कंपाउंडर होते. गुरांच्या दवाखान्यात हयात घालवून ते निवृत्त झाले होते. त्यांचा हात हलका आणि बोलणे कमी. विचारल्याशिवाय एक अक्षर बोलायचे नाही, हा त्यांनी सरकारी नोकरीत कमावलेला गुण होता. या गुणाने पुढे काय केले ते सांगणारच आहे.

पद्धत सोपी होती. घरोघर जायचे, कुत्र्याचा फॉर्म भरायचा, कुत्रा तपासायचा, गळ्यात नंबरचा बिल्ला अडकवायचा आणि दर काही आठवड्यांनी पुन्हा पाहायचे. फॉर्म मी स्वतः आखला होता आणि मला त्याचा अभिमान होता. नाव, वय, रंग, स्वभाव, आहार, झोपण्याची जागा, चुलीपासूनचे अंतर. फॉर्म निर्दोष होता. उत्तरे मात्र मालवणी होती.

"वय किती?"

"गोवा सुटला तेवा ह्येचे डोळे उघडूक नाय होते."

"तंबाखूशी काही संबंध?"

"खाय नाय. पण मागता."

एका गृहस्थांनी कुत्र्याच्या मागे बोक्याचाही फॉर्म भरायचा आग्रह धरला. मी नकार देताच ते म्हणाले, "मगे बोक्याक झाला तर तुमका चलात?" मी फॉर्म मिटला आणि पुढच्या घराची वाट धरली.

बिल्ला देताना मी प्रत्येक घरी एक छोटे भाषण करीत असे. आमची संस्था सरकारी नव्हती, पण सरकारचे नाव घेतल्याशिवाय कोणी टिनच्या तुकड्याची कदर करणार नाही, असा माझा हिशेब होता. म्हणून मी बजावून सांगत असे, "हा सरकारी बिल्ला आहे. हरवला तर दुसरा मिळणार नाही. फार जपायचा." लोक गंभीरपणे मान हलवीत. त्यांनी माझे शब्द किती मनावर घेतले, हे मला फार उशिरा कळले.

ज्या वाडीची ही हकिगत आहे तिचे नाव मुद्दामच देत नाही, कारण तिथे दिवाळी अंक वाचले जातात आणि मला पुन्हा तिथे जेवायला जायचे आहे. मालवणपासून चालत तासाभरावर, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये माडांच्या सावलीत पसरलेली घरे. वाडीच्या वाऱ्याकडच्या टोकाला काजू भाजण्याची भट्टी होती. काजूच्या टरफलात एक जळजळीत तेल असते. बी भाजताना त्याचा काळा, झोंबरा धूर निघतो. वारा समुद्रावरून आला की तो सगळ्या वाडीवर पसरे. बायका बी फोडायला बसत आणि त्यांचे तळहात कोळशासारखे काळे होत. ही भट्टी पाहताच माझ्या मनाने निष्कर्ष काढून टाकला होता. पुरावा तेवढा जमवायचा राहिला होता.

तो पुरावा तीन घरांनी पुरवला.

पहिले घर दामलेमास्तरांचे. निवृत्त शिक्षक, घर शुद्ध शाकाहारी, पडवी शेणाने सारवलेली. त्यांचा कुत्रा मोती. फॉर्म नंबर चौदा. रंग: करडा. स्वभाव: सात्त्विक. तो पुढचे पाय जुळवून उंबऱ्याबाहेर बसे आणि मास्तरांच्या पत्नी त्याच्या कपाळाला गंधाचा टिळा लावीत. "आमचा मोती दूधभाताशिवाय कशाला तोंड लावत नाही," मास्तर म्हणाले. "त्याला वास जरी आला ना, तरी तो मान फिरवतो." डाव्या जबड्याखाली टणक गाठ, सुपारीएवढी.

दुसरे घर सावित्रीबाय कुबलीणीचे. तिचा नवरा होडीवर आणि ती स्वतः भट्टीवर. कुत्रा वाघ्या, फॉर्म नंबर बावीस. रंग: काळपट. स्वभाव: चोरटा, सुकत घातलेल्या माशांवरच्या कावळ्यांना हाकलणे हे त्याचे काम, आणि तो ते काम मेहनताना परस्पर वसूल करून करीत असे. आहार: माशांची डोकी. डाव्या जबड्याखाली टणक गाठ, आवळ्याएवढी.

तिसरे घर इनास फर्नांडिस यांचे. जन्मभर बोटीवर आचारी होते, आता एकटेच. त्यांच्या कुत्र्याचे नाव कॅप्टन. "चाळीस वर्सां कॅप्टनाचा आयकलंय, बाये," ते म्हणाले. "आता कॅप्टन माझा आयकता." फॉर्म नंबर एकतीस. रंग: तांबूस, तुकतुकीत. स्वभाव: मिळूनमिसळून; हात पुढे केला की पंजा देतो. आहार: मटणाचा रस्सा आणि पाव. दर शनिवारी साबणाने आंघोळ. डाव्या जबड्याखाली टणक गाठ, लिंबाएवढी.

वाचकांच्या ध्यानात काही आले असेल तर त्यांनी कृपा करून मनात ठेवावे. माझ्या आले नव्हते.

कारण मी जे पाहत होते ते इतके सुंदर होते! एक शाकाहारी, एक मत्स्याहारी, एक मांसाहारी. आहार निराळा, घर निराळे, धर्म निराळा. गाठ मात्र तीच, त्याच बाजूला. शिवाय आकार क्रमाने वाढता, म्हणजे एकाच रोगाच्या तीन अवस्था मला एकाच वाडीत, चालत दहा मिनिटांच्या अंतरात सापडल्या होत्या. मी त्या तीन घरी तीन निरनिराळ्या महिन्यांत गेले होते, ही गोष्ट मी फॉर्मवर तारखेनिशी लिहिली होती आणि ती वाचण्याचे मात्र राहून गेले होते. तिघांत समान काय, तर भट्टीचा धूर. मी अहवाल लिहिला आणि त्याला मथळा दिला: 'तीन घरे, तीन आहार, एक धूर'. तो मथळा मला इतका आवडला की मी तो तीनदा स्वच्छ अक्षरांत लिहून काढला.

अहवाल मुंबईला गेला आणि सरांचे उत्तर परतटपालाने आले. संस्थेत संशोधन-अधिकाऱ्याची एक कायम जागा निघाली होती. तिच्यासाठी पाच उमेदवार होते, चार पुरुष आणि मी. निवड समितीपुढे सर माझा हा अहवाल ठेवणार होते. तत्पूर्वी ते स्वतः येऊन तिन्ही कुत्रे पाहणार होते. जागा मिळाली तर पुढची सर्व वर्षे प्रयोगशाळा माझी. न मिळाली तर घरच्यांनी पाहून ठेवलेले एक स्थळ होते; त्या गृहस्थांचा छत्र्यांचा कारखाना होता. छत्र्यांबद्दल माझ्या मनात कधीच आकस नव्हता, परंतु जन्मभराचा सहवास वेगळा.

ही बातमी वाडीत पसरायला वेळ लागला नाही, आणि सावित्रीबाय मला विहिरीवर गाठून म्हणाली, "गो बाय, तुजो मोठो सायब भट्टी बंद करूक येता काय गो?"

"बंद करायला नाही. धुराने रोग होतो का, ते ठरवायला."

"आणि होता म्हणून ठरला तर?"

मी तिची घागर उचलायला हात लावला. तिने घागर कमरेवर घेतली. "धुराक मी भियत नाय. धूर बंद झालो तर चुलीर काय ठेवतलंय, तेका भियतंय. शुक्रवारी जेवूक ये. बांगडे आसत."

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मी त्या वाडीत वर्षभर एका कौलारू खोलीत राहत होते आणि मला स्वयंपाक येत नव्हता. सोमवार ते गुरुवार मास्तरांकडे, शुक्रवार-शनिवार सावित्रीबायकडे आणि रविवारी इनासकडे मी जेवत असे. मी मासे खात नाही असे मास्तरांच्या पत्नींना सांगितले होते. ते सर्वस्वी असत्य नव्हते. सोमवार ते गुरुवार मी खरोखरच खात नव्हते.

सर तळेऱ्याला मुक्काम करून एस.टी.ने आले. उंच, कृश, मितभाषी गृहस्थ. ते चष्मा पुसू लागले की संस्थेत कोणाची तरी नोकरी जाते, अशी समजूत होती. मी त्यांच्यासाठी तक्ता तयार केला होता: तीन रंगांच्या तीन रेषा, तिन्ही वर चढणाऱ्या. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "उत्तम. आता तिन्ही कुत्रे मला एकत्र, शेजारी शेजारी पाहायचे आहेत. तुलना तशीच होते."

इतकी साधी गोष्ट मला वर्षभरात का सुचली नाही, याचा मी आजवर विचार करीत आले आहे. तुलना करायची म्हणजे दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या, हे मी बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षी शिकले होते.

सकाळी दहाला मास्तरांच्या पडवीत सर्वांना बोलावले. सर खुर्चीवर, मी तक्ता घेऊन उभी, पेडणेकर आपली पेटी घेऊन कोपऱ्यात. मास्तर घरातलेच. सावित्रीबाय आली, एकटी. इनास आले, तेही एकटेच, इस्त्रीचा सदरा घालून.

"कुत्रे?" सरांनी विचारले.

"येतलो, सायबानू," इनास म्हणाले. "तेका ह्या घराची वेळ ठावक आसा."

मग मास्तरांनी देवळीतून एक रुमाल काढला, उलगडला आणि चौदा नंबरचा बिल्ला हातात घेतला. सावित्रीबायने पदराची गाठ सोडली. आत बावीस नंबर होता. इनासच्या खिशातून चांदीच्या डबीत, कापसावर ठेवलेला एकतीस नंबर निघाला. मी चकित होऊन विचारले, "बिल्ले तुमच्याजवळ कसे? ते कुत्र्यांच्या गळ्यात हवेत!"

सावित्रीबायला माझ्या अज्ञानाची कीव आली. "कुत्रो भायर जाता, गो. झाडीत शिरता, खाडीत उतारता. सरकारी वस्तू पडली म्हणजे? तू येतलस तेवा घालूचो, तू गेलस की काढूचो. खुंटयेक टांगून ठेवतंय."

"तूच बजावलं होतंस, फार जपायचा," मास्तर म्हणाले, "म्हणून हो."

इतक्यात तो आला. अंगणातल्या राखेत लोळून, अंग झटकून, निवांत चालीने. करडा. मास्तरांनी "मोती" म्हणताच पाय जुळवून बसला. सावित्रीबायने "वाघ्या, हंयसर रे" म्हणताच उठला, आणि तिच्या पदराचा वास घेऊन त्याच्या नजरेत ती चोरटी चमक आली. इनासनी "कॅप्टन!" म्हणून हात पुढे केला, त्याने पंजा दिला. इनासनी ओल्या रुमालाने त्याची पाठ पुसली आणि राखेखालून तांबूस, तुकतुकीत रंग निघाला.

माझी पहिली प्रतिक्रिया शास्त्रीय होती: बाकीचे दोन कुठे राहिले?

मग तिघांनी आपापला बिल्ला त्याच्या गळ्यात घातला. कोणी कोणाला अडवले नाही, कोणाला नवल वाटले नाही. तीन बिल्ले छातीवर मिरवीत तो निवृत्त सुभेदारासारखा मधोमध बसला आणि सरांकडे अशा अपेक्षेने पाहू लागला की चौथा बिल्ला तेच देणार आहेत.

"मिस प्रधान," सर म्हणाले, "यांतला नंबर चौदा कोणता?"

मी तक्त्याकडे पाहिले. तीन रंगांच्या तीन रेषा मला प्रथमच खऱ्या स्वरूपात दिसल्या: एकाच रेषेचे तीन तुकडे. सुपारी, आवळा, लिंबू. एकच गाठ, तीन महिने, एक मूर्ख.

"हा वाघ्या माझो न्हय असा कोणी म्हणता काय?" सावित्रीबायने सावधपणे विचारले.

"तुझाही आहे," मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले. "दुपारचा."

"आणि रातचो माझो," इनास म्हणाले.

मी पेडणेकरांकडे वळले. वर्षभर ते माझ्या मागून पेटी घेऊन चालत होते. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"होय, बाई."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुमी इचारलात खंय?" ते अत्यंत नम्रपणे म्हणाले. "तुमी तीन फॉर्म भरलात. माका वाटला, सरकारी पद्धत आसतली. सरकारात एक माणूस तीन रजिस्टरात आसता, तसो कुत्रो."

सरांनी चष्मा काढला आणि पुसायला सुरुवात केली. त्या क्षणी मला छत्र्यांच्या कारखान्याचे फाटक स्पष्ट दिसले.

पण कुत्रा एक असला तरी गाठ खरी होती. पेडणेकरांनी ती चाचपून पाहिली, तोंड उघडून आत बोट घातले आणि म्हणाले, "ही कापूक होयी. आताच." संमतीपत्रावर मालकाच्या सहीसाठी एकच ओळ होती. मास्तरांनी शाईने सही केली, इनासनी तिच्याखाली बोटीवरची वळणदार सही ठोकली आणि सावित्रीबायने दोघांच्या नावांच्या मधोमध अंगठा उमटवला. भूल दिली. डोके सावित्रीबायच्या मांडीवर, पंजा इनासच्या हातात. मास्तर मागे उभे राहून ओठांतल्या ओठांत काही म्हणत होते. मघापर्यंत शांत असलेली ही तीन माणसे आता एकमेकांकडे बघत नव्हती. त्या लिंबाएवढ्या गाठीत माझी नोकरी होती हे खरे. पण त्यांचा तर कुत्रा होता, हे माझ्या फॉर्मात कुठे लिहायची सोय नव्हती.

पेडणेकरांनी छेद दिला, निचरा केला, चिमटा आत घातला आणि एक इंचभर लांबीची, करवतीसारखे दाते असलेली वस्तू बाहेर काढून बशीत ठेवली. ती वाजली.

"शेंगाळ्याचो काटो," पेडणेकर म्हणाले. शेंगाळा हा एक मासा. त्याचा काटा एकदा रुतला की दात्यांमुळे मागे येत नाही, पुढेच सरकतो आणि भोवती मांस धरते. त्याला कर्करोग म्हणत नाहीत. त्याला जेवण म्हणतात.

सर्वांच्या नजरा सावित्रीबायकडे वळल्या.

"माझ्याकडे कित्याक बगतास?" ती उसळली. "माझो घोव शेंगाळ्याक तोंड लावणा नाय. माझ्याकडे तो रांदतच नाय. ह्या वर्सात एकच शेंगाळो घरात इलो, तो मी मास्तरांका दिलंय."

नजरा मास्तरांकडे वळल्या. मास्तरांनी घसा साफ केला. "माडाच्या मुळाशी घालायला. खत म्हणून."

"होय तर," सावित्रीबाय म्हणाली. "आणि खताक मीठ-हळद लावन देऊक सांगितलेलास."

इनास एकाएकी समुद्राकडे पाहू लागले. स्वयंपाकघराच्या दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मी फॉर्म नंबर चौदा काढून 'आहार: दूधभात' या शब्दांवर पेन्सिल टेकवली आणि मास्तरांचा चेहरा पाहून ती उचलली. सर मात्र पूर्ण गांभीर्याने म्हणाले, "माडाला उपयोग झाला का?"

"माडाला," मास्तर म्हणाले, "बरंच बरं वाटलं."

सर हसले. संस्थेत त्यांना हसताना कोणी पाहिले नव्हते, त्यामुळे मला आधी ती उचकी वाटली. हसणे संपल्यावर त्यांनी तो प्रश्न विचारला ज्याची मला भीती होती. "मिस प्रधान, तुमच्या उरलेल्या फॉर्मांतले किती कुत्रे खरे आहेत?"

"माहीत नाही, सर."

"ते कळायला किती दिवस?"

मी बशीतल्या काट्याकडे पाहिले आणि विचार केला. कुत्रा तीन घरचा असू शकतो. परंतु एका वेळी तो एकाच पानावर जेवू शकतो. "उद्या दुपारी बारा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी इगर्जीची, म्हणजे चर्चची, बाराची घंटा वाजताच वाडीतल्या प्रत्येक घराने आपल्या कुत्र्याला जेवायला हाक मारायची, असे ठरले. निरोप द्यायला मी स्वतः घरोघर गेले. घंटा इनासनी वाजवली आणि कॅप्टनला हाकही तिथूनच मारली. त्यानंतर जे झाले ते मी शास्त्रीय भाषेत वर्णू शकत नाही. एका वेळी साऱ्या अंगणांतून हाका उठल्या: राजा, काळू, बाळ्या, टिपू, चंदू, कॅप्टन. कुत्रे रस्त्याच्या मध्यात थांबले. चहू बाजूंनी एकाच वेळी जेवण, हा प्रसंग त्यांच्या आयुष्यात कधी आला नव्हता. काही जागच्या जागी गोल फिरले. एक ओरडत समुद्रात गेला. शेवटी ज्याने त्याने आपल्या मनाचा कौल घेतला आणि एकेका पानावर जाऊन बसला. पेडणेकर एका टोकाकडून, मी दुसऱ्या टोकाकडून मोजत आलो. कागदावरच्या कुत्र्यांपैकी निम्म्यांहून थोडे अधिक अस्तित्वात होते. उरलेल्या पानांपाशी माणसे हिरमुसून उभी होती. एका घराने तर कधी कुत्रा पाळलाच नव्हता. "सगळ्यांचो फॉर्म भरलास," त्या घरची म्हातारी म्हणाली, "आमचोच तेवढो कित्याक नको?" तिने मला दर भेटीत शेजाऱ्याचा काळू दाखवला होता.

आणि मोती-वाघ्या-कॅप्टन? तो टाके घातलेल्या तोंडाने भट्टीच्या सावलीत पडून राहिला. तीनही हाका ऐकल्या, तिन्ही दिशांना एकेकदा कान टवकारला आणि डोळे मिटून घेतले. मला वाटते, साऱ्या वाडीत त्या दुपारी न्यायबुद्धी फक्त त्याच्याजवळ होती.

अहवाल मी मागे घेतला. तसे पत्र सरांच्या देखत लिहिले आणि त्याला काय चुकले, कसे चुकले आणि बाराच्या घंटेने ते कसे पकडले, याची चार पाने जोडली. मथळा दिला नाही. सर ती पाने घेऊन गेले.

दीड महिन्याने पत्र आले. जागा मला मिळाली होती. खाली सरांच्या अक्षरात दोन ओळी होत्या: 'समितीचे एक सदस्य म्हणाले की इतक्या सविस्तर रीतीने चुकणारी व्यक्ती संस्थेत असणे हिताचे आहे. बाराची मोजणी यापुढे सर्व ठिकाणी आधी होईल.' ती आजही होते. माझ्या फॉर्मात एक रकाना वाढला: 'हा कुत्रा आणखी कोणाकोणाचा?' तो रकाना कधीच रिकामा येत नाही.

एक रुखरुख मात्र आहे. शेंगाळ्याच्या काट्याने भट्टीचा धूर निर्दोष ठरला असे वाडीने मानले, आणि मी कितीही सांगितले तरी ते कोणी ऐकले नाही. त्या धुराबद्दल मला तेव्हा काही सिद्ध करता आले नाही, आणि त्यानंतरच्या वर्षांतही आलेले नाही. एका चुकीच्या पुराव्याने योग्य प्रश्नाचे तोंड बंद केले. सावित्रीबायचे तळहात अजून काळे आहेत आणि ती अजून खोकते, मी दर भेटीत तिची छाती तपासते आणि ती दर भेटीत सांगते, "माका काय्येक झालेला नाय. तुका भूक लागली आसतली."

मी मुंबईला परत निघाले त्या दिवशी ती, इनास आणि मास्तर बंदरापर्यंत सोडायला आले होते. तिघांच्या हातांत तीन शिदोऱ्या होत्या: दशम्या, तळलेले बांगडे आणि इनासचा केक. बांगडे पाहून मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मग खताची आठवण होऊन त्यांनी नजर माडांकडे वळवली. कुत्राही आला होता, चारही पायांनी तिघांचा.

"बाय," सावित्रीबाय म्हणाली, "तुजे ते फॉर्म आसत काय गो एखादो कोरो?"

मी पिशवीतून एक काढून दिला. तिने तो उलटाच धरला आणि माझ्याकडे बघत पेडणेकरांना म्हणाली, "लिवा. सोमवार धरून मास्तरांकडे दूधभात. शुक्रवारी माझ्याकडे माशे. आयतवारी इनासाकडे मटण. तिनय घरांनी वेगळा नाव, तिनय घरांनी वेगळो सभाव." मग तिने पदराची गाठ सोडली, बावीस नंबरचा बिल्ला काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "सरकारी वस्तू आसा. हरवू नको. येशीत तेवा घाल, जाशीत तेवा काढ."

पेडणेकरांनी सगळे व्यवस्थित लिहून घेतले आणि पेन्सिल थांबवून, वर्षभरात प्रथमच आपणहून प्रश्न केला, "बाई, मालकाच्या नावात काय लिवू?"

पडाव सुटायची वेळ झाली होती. मी म्हटले, मागाहून कळवते. तो फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात आहे, बिल्ला दाराजवळच्या खुंटीला, आणि तो रकाना अजून भरायचा आहे.